खडूची रेघ

इंजिनाला हात लावायचा तो सकाळी, रात्रभर निवून गार झाल्यावर. तापलेल्या इंजिनाचं माप खोटं, हा सासऱ्यांचा तीस वर्षांचा नेम, आणि मोटरसायकलही तेवढीच जुनी. पूर्वी तिच्यावरून ते कारखान्यात जायचे, आता सून दवाखान्यात जाते. नर्स आहे ती.

मधल्या काळात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. पाय सुधारला. जीभ तर होती त्याहून सुधारली, असं सासूबाई म्हणायच्या. उजव्या हाताच्या बोटांचा विषय मात्र घरात कुणी काढत नसे.

"आज टॅपेट मीच करणार," सुट्टीच्या सकाळी ते म्हणाले. "तू नुसता दिवा धर."

"बाबा, चांगलं उजाडलंय की!"

"मग तोंड धर, बंद."

ती हसली. हे जमलं तर आपण अजून कामाचे, असं त्यांनी मनाशी धरलंय, हे तिला न सांगता कळलं होतं.

झाकणं उघडली. व्हॉल्व्हच्या डोक्याशी नटानं जखडलेला एक बारका स्क्रू, आणि दोघांमध्ये केसाएवढी फट; टॅपेट करायचं म्हणजे ही फट जमवायची. फटीत पत्र्याची पातळ पाती घालायची. तेल लावलेल्या केसांतून फणी जावी तशी ती जायला हवी, अडू नये पण जाणवावी. मग स्क्रू धरून नट आवळायचा आणि नटावरून स्क्रूवर खडूची एक रेघ ओढायची. नट हलला की रेघ तुटते. ही रेघेची युक्ती त्यांची स्वतःची.

पहिला व्हॉल्व्ह झाला. दुसऱ्याला, धूर बाहेर पडतो त्या धुराकडच्याला, त्यांनी पाती हिसडून काढली, नट आवळला. रेघ ओढली, तीही सरळ आली. "झालं!" म्हणत ते हात धुवायला गेले.

तिनं पाती घेतली. पहिल्या फटीतून अलगद गेली, दुसरीत टोकसुद्धा शिरेना. तिनं घाईघाईनं नट सैल केला, फट जमवली, पुन्हा आवळला आणि पाना होता तिथं ठेवला.

सासरे आले. वाकले. धुराकडची रेघ मधोमध तुटून दोन्हीकडे तोंड करून बसली होती.

"नट आवळताना स्क्रू फिरला असेल, बाबा," ती म्हणाली.

"फिरला असता, तर रेघेच्या आधी फिरला असता." ते स्टुलावर बसले. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून परक्याच्या हातासारखा बघत राहिले. "पाती मला लागलीच नाही गं. सैल की घट्ट, काही कळलं नाही."

ती पाना फडक्यानं पुसायला लागली.

"आणि तू गुपचूप करून मोकळी! सैल टॅपेट टकटक करून सांगतं तरी. घट्ट झालेलं गप्प बसतं, आणि व्हॉल्व्ह आतल्या आत जळतो. घरात असलं गप्प नको."

"चुकलं, बाबा."

"कीक मार."

तिनं झाकणं बसवली, कीक मारली. इंजिन सुरू झालं. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. अंगाई ऐकणाऱ्या लेकरासारखा त्यांचा चेहरा सैल पडत गेला.

"धुराकडचं बरोबर. पहिलं किंचित जास्त बोलतंय. तेही माझंच." डोळे उघडले. "उद्या गार झाल्यावर पाती तू धर. बोटं तुझी, कान माझे."

"आणि तोंड?"

"ते आता उघडंच ठेव."

त्यांनी खिशातून खडू काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.