दोन पत्त्यांचा खोका

मित्रांनो, खोक्याला कोण विचारतो? आतलं सामान काढलं की पायाने ढकलून कोपऱ्यात. मीही तसाच एक जुना, पुठ्ठ्याचा खोका आहे, आणि आज मी बोलणार आहे, तुम्हाला आवडो न आवडो. एका बापलेकीचं भांडण मिटायला आलं होतं. ते मिटलं नाही, आणि त्याला निमित्त मी झालो.

माझा जन्म कारखान्यातला. दोन सपाट कागद, मध्ये एक नागमोडी, वरून गरम रूळ, झालो तयार. मला दूरदेशी राहणाऱ्या एका बाईने विकत घेतलं. तिने माझ्यात एक लोकरी मफलर ठेवला आणि एक कागद ठेवला. त्या कागदावर लहान मुलीचं पाऊल पेन्सिलने गिरवलेलं होतं. अंगठ्यापाशी रेघ हललेली, कारण तिथे पोरीला गुदगुल्या झाल्या होत्या. खाली लिहिलं होतं, "बाबा, ही तुमची नात. आजोबांच्या हातचे बूट हवेत म्हणते. कराल का?"

हे बाबा म्हणजे बूट शिवणारे कारागीर. एकुलती एक लेक दुकान नको म्हणाली, परदेशी गेली, तिथेच लग्न केलं. बाबांनी सांगून टाकलं, "गेलीस ती गेलीस, आता फोन करू नकोस." नऊ वर्षं दोघांनी शब्द पाळला. दोघंही सारखीच हट्टी, दुसरं काय!

मी त्यांच्या दुकानात पोचलो तेव्हा म्हाताऱ्याने कागद चारदा वाचला. मग गिऱ्हाइकांना "उद्या या, उद्या या" म्हणत अकरा दिवस त्याने एकच काम केलं. मऊ लाल चामडं, बारीक टाका, आत कापसाचं अस्तर. पोरीचा पाय वाढेल म्हणून पुढे अर्ध्या बोटाची जागा सोडली. शिवताना स्वतःशीच बोलायचा, "बघू दे तिच्या आईला, बाप अजून मेला नाही म्हणावं."

बूट पाठवायला त्याने मलाच निवडलं. माझी छाती फुगली! बुटांच्या टोकांत कागद कोंबला, प्रत्येक बूट वेगळा गुंडाळला, मला हलवून पाहिलं, आत काही खुडखुडत नव्हतं. कडांना दुहेरी चिकटपट्टी लावली. इतकं सगळं नीट केलं, आणि शेवटी घोटाळा केला.

माझ्या पोटावर जुनी पट्टी होती, लेकीकडून येतानाची. तिच्यावर यंत्राने वाचायच्या काळ्या रेघा आणि त्याखाली तिच्या हाताने लिहिलेला बापाचा पत्ता. ही पट्टी काढायची असते, मित्रांनो. म्हाताऱ्याने चाकू लावलासुद्धा. पण ते लेकीचं अक्षर होतं. नऊ वर्षांनी घरात आलेलं. त्याने अंगठा फिरवला, चाकू खाली ठेवला आणि लेकीने चिठ्ठीत कळवलेला तिचा पत्ता लिहून माझ्या पाठीवर चिकटवला.

टपाल कचेरीत खिडकीवरच्या बाई चांगल्या खमक्या होत्या. त्याने फॉर्मवर नुसतं 'भेटवस्तू' लिहिलेलं पाहून त्यांनी तो परत सरकवला.

"काका, आत काय आहे ते लिहा. नाहीतर तिकडे फोडून बघतात."

त्याने ठळक अक्षरांत लिहिलं, 'लहान मुलीचे बूट, एक जोड, हाताने शिवलेले'.

"खोका वापरलेला दिसतोय. जुना पत्ता काढलात ना?"

मी पोटावर पालथा होतो. म्हातारा माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "हो हो, काढला."

धडधडीत खोटं! मला तोंड असतं तर मी तिथेच बोंब मारली असती.

समुद्रावर मी सात आठवडे काढले. ओल लागली, वर जड पेट्या बसल्या, पण मी बुटांना ओरखडा येऊ दिला नाही. लेकीच्या देशात उतरलो, तिथला शिक्काही बसला. तिचं घर आता तासाभराच्या अंतरावर होतं. आणि पार्सलं गावागणिक वेगळी करणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर कुणीतरी मला उलटा टाकला. पोट वर आलं. यंत्राने जुन्या रेघा वाचल्या, खाली बापाचा पत्ता दिसला, आणि मी निघालो आल्या वाटेने. मी किती तळमळलो म्हणून सांगू! पण खोक्याच्या तळमळीची दखल कोण घेणार?

पोस्टमनने मला दुकानाच्या उंबऱ्यावर आणून टेकवलं. "काका, तुमचंच पार्सल परत आलंय."

म्हाताऱ्याने तिकडचा शिक्का पाहिला. "म्हणजे तिथपर्यंत जाऊन आलं. तिने घेतलं नाही?"

"परत आलं म्हणजे नसेल घेतलं," पोस्टमन म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेलाही. काय बिघडलं असतं, दोन मिनिटं थांबून मला उलटंपालटं करून पाहिलं असतं तर?

म्हाताऱ्याने चाकू घेतला आणि माझ्या पोटावरची पट्टी खरवडून काढली, लेकीच्या अक्षरासकट, अगदी पुठ्ठा फाटेपर्यंत. आधी हे केलं असतं तर बूट पोचले असते. आता खरं काय झालं हे सांगणारी एवढी एकच खूण होती, तीही गेली.

पुढच्याच आठवड्यात फोन वाजला. लेकीने नऊ वर्षांत पहिल्यांदा केलेला फोन. मी बूट घेऊन निघालो होतो हे तिला ठाऊकच नव्हतं. बूट पाठवलेत हे म्हाताऱ्याने तिला कळवलंच नव्हतं, अचानक द्यायचे होते ना!

"बाबा..." एवढंच ऐकू आलं.

"आता कशाला फोन?" म्हातारा तिला बोलूच देईना. "बूट मी केले नाहीत. करणारही नाही. सांग तुझ्या पोरीला." आणि फोन ठेवून दिला. तिने नाकारलेले बूट आपणच केले होते, हे कबूल करण्यापेक्षा खोटं बोलणं त्याला बरं वाटलं. फोन त्याने पुन्हा उचलला नाही. तिचाही पुन्हा आला नाही.

लाल बूट अजून माझ्यातच आहेत, वर चामड्याच्या कातरणांचा ढीग. तिकडे पोरीचा पाय अर्ध्या बोटाहून कधीच पुढे गेला असेल.

मित्रांनो, दूरदेशी कुणाला काही पाठवाल तेव्हा खोक्यावरच्या जुन्या पट्ट्या खरवडून काढा, अक्षर कुणाचंही असो. पत्त्याचा एक कागद आतही ठेवा. पाठवलंय हे आधी कळवा. आणि इतकं करूनही पार्सल परत आलं, तर रागावण्याआधी माणसाला विचारा. तिकडे एका लहान मुलीला सांगितलं गेलं असेल की आजोबांनी तिच्यासाठी बूट केलेच नाहीत, आणि तिने ते खरंही मानलं असेल.