शेवटच्या माणसाचा दोर

मित्रांनो, जिना चढताना तुम्ही आधाराकडे कधी निरखून पाहता का? नाही ना? हात आपोआप जातो आणि वर पोचलात की सुटतो. तुमचे काही चुकले असे मी म्हणत नाही. पण या घरी आलात तर जरा थांबा. इथल्या जिन्याला लाकडी कठडा नाही. भिंतीत लोखंडी कड्या ठोकल्या आहेत आणि त्यांतून मला ओवले आहे. अंगठ्याएवढा जाड, करडा, मधूनमधून काळे डाग पडलेला असा मी एक जुना दोर आहे. आणि मी काही जन्मापासून जिन्यावर नव्हतो. मी नदीवर होतो.

माझा जन्म एका लांबच लांब छपराखाली झाला. एका टोकाला दोरवाल्याची बायको चाक फिरवीत बसे. दोरवाला कमरेभोवती तागाचा जुडगा गुंडाळून उलटा चालत मागे मागे जाई आणि त्याच्या बोटांतून धागा लांबत जाई. उलट्या चालणाऱ्याला मागचे दिसत नाही, म्हणून बायकोचे लक्ष चाकापेक्षा त्याच्याकडेच जास्त असे.

“अहो, मागे बादली आहे!”

“माहीत आहे मला.”

“कालही माहीतच होती. तरी बसलात ना तिच्यात?”

असा त्या दोघांच्या भांडणात मी वळला गेलो. धाग्यांचे तीन पेड झाले, तीन पेडांना एकत्र पीळ बसला आणि मी तयार झालो. मला विकत घ्यायला शाळेत खेळ शिकवणाऱ्या एक बाई आल्या. दोरवाल्याने मुलगी सासरी पाठवावी तसे मला त्यांच्या हाती दिले. “ओला गुंडाळून ठेवू नका,” तो म्हणाला. “सावलीत वाळवा. आणि याच्यावर पाय देऊ नका. माती आत शिरते आणि आतल्या आत कापत राहते.”

बाईंनी ते सगळे मान हलवून ऐकले आणि खरे सांगतो, कितीतरी वर्षे पाळलेही.

त्यांच्या गावामागे डोंगर होते. फार उंच नव्हेत, पण एकामागून एक असे, झाडांनी गच्च भरलेले. त्यांच्यामधून नदी वळणे घेत जाई. पायवाट कधी तिच्या काठाकाठाने, कधी झाडांच्या मुळांवरून, कधी ओल्या पानांच्या थरावरून जायची. वर्षातून एकदा बाई त्या वाटेवर धाव भरवीत. शर्यत म्हटलेले त्यांना आवडत नसे. “पोचला तो जिंकला,” एवढाच त्यांचा नियम. आदल्या दिवशी फांद्यांना लाल कापडी पट्ट्या बांधून वाट दाखवली जाई. आणि जिथे नदी ओलांडायची, तिथे मला बांधत.

माझे एक टोक अलीकडच्या झाडाला. तिथून मी नदीवरून पलीकडे जाई, तिथल्या झाडाला वळसा घालून पुन्हा अलीकडे येई आणि दुसरे टोकही त्याच झाडाला. असे केले की शेवटी पलीकडे कोणाला थांबावे लागत नाही. इकडून एक टोक सोडायचे, दुसरे ओढायचे, की मी सरसरत परत.

धावणारे पलीकडून येत. मी त्यांना हातांवरून ओळखू लागलो. सर्वांत पुढचे मला नुसते शिवून जात. मधले एका हाताने धरीत, दुसऱ्या हाताने घाम पुसत. पण शेवटचे! ते मला दोन्ही हातांनी धरीत. त्यांचे पाय थरथरत आणि ती थरथर माझ्या तिन्ही पेडांतून जाई. मित्रांनो, माझे प्रेम त्यांच्यावरच जास्त होते. ज्याला आपली गरज असते, त्याच्यावर जीव जडतोच.

माझी राखण दोघांकडे होती. एक सुतार, दुसरा त्याचा मेहुणा, पाव भाजणारा. सुतार वरच्या अंगाला, गाठींजवळच्या झाडापाशी उभा राही. पाववाला खाली पाण्यात, येणाऱ्याला हात द्यायला. दोघांची जीभ मात्र एकाच ठिकाणी असे.

“दाजी, गाठ नीट बांधलीत ना? मागच्या महिन्यात तुम्ही बसवलेलं दार अजून लागत नाही म्हणून विचारतो.”

“तुझा पाव दाराला अडकवून ठेव. कुऱ्हाडीनेसुद्धा निघणार नाही.”

आणि सर्वांच्या मागून येत पोस्टातल्या काकू. डोक्यावर पिवळीधमक टोपी, खांद्यावर पिशवी. शेवटच्या माणसाच्याही मागे राहायचे, कोणी थकून बसले तर त्याला उठवायचे आणि झाडांवरच्या लाल पट्ट्या सोडत यायचे, हे त्यांचे काम. सगळे त्यांना लाडाने ‘शेपूट’ म्हणत. त्यांनाही ते आवडे. “शेपूट नसलं तर प्राणी लंगडा दिसतो,” असे म्हणत त्या मला धरून नदी उतरत. त्यांचा हात लहान, खरखरीत आणि उबदार होता. पिवळी टोपी अलीकडे आली की सुतार माझे टोक सोडी. इतकी वर्षे असेच चालले होते. टोपी आली म्हणजे मागे कोणी नाही.

एके वर्षी मात्र दुपार कलल्यावर वरच्या डोंगरात ढग फुटले. नदी गढूळ झाली, मग फुगू लागली. त्या दिवशी सर्वांत मागे एक चष्मेवाली मुलगी होती. पहिल्यांदाच आलेली. चष्म्यावर पाणी साचून तिला समोरचे मूळसुद्धा दिसेना. दोनदा पडली. पुढचे काकूंनी नंतर सांगितले तेव्हा मला कळले. त्यांनी आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर बसवली. “ही घाल. पुढे झापड आहे, काचांवर पाणी येणार नाही. आणि आता माझी वाट बघू नकोस. नदी वाढतेय, तू पुढे पळ. मी पट्ट्या सोडत येतेच.”

मुलीला दिसू लागले आणि ती पळाली. खाली मान घालून, मला घट्ट धरून ती नदीतून आली. पाववाल्याने तिला ओढून काठावर घेतले आणि “जा, वर गाडीपाशी गरम चहा आहे,” म्हणून पाठीवर थाप मारली. ती पायवाटेने वर गेली. गाठींजवळ उभ्या सुताराला पावसाच्या पडद्यातून एवढेच दिसले की पिवळी टोपी वर गेली.

त्याने माझे टोक सोडले.

मी पाण्यात पडलो. प्रवाहाने मला ओढले आणि पलीकडच्या झाडाचा वळसा बघता बघता सुटला.

“दाजी! अहो दाजी, काय केलंत हे?”

“काय म्हणजे? शेपूट आली ना?”

“कुठली शेपूट? ती चष्मेवाली पोर होती!”

सुतार खाली धावत आला. तेवढ्यात पलीकडच्या झाडीतून काकू बाहेर आल्या. डोके उघडे, केस कपाळाला चिकटलेले, पिशवी फुगलेली. त्यांनी पाण्याकडे पाहिले, मग झाडाकडे पाहिले. झाडावर मी नव्हतो.

मित्रांनो, मागे परतायचे म्हटले तर जंगलातून तासन्‌तास चालावे लागणार होते, आणि वाट दाखवणाऱ्या पट्ट्या त्यांनी स्वतःच सोडून पिशवीत भरल्या होत्या. अंधार लांब नव्हता. थंडीने त्यांचे खांदे हलत होते, ते इकडूनही दिसत होते. सुताराने मला गोळा करून पलीकडे फेकले. पण भिजल्यावर मी किती जड होतो! अर्ध्यावरच पडलो. पुन्हा फेकले. पुन्हा पडलो. आयुष्यात मला माझ्या जाडीची लाज वाटली ती तेवढीच एकदा.

“थांबा!” काकू ओरडल्या. “उगाच दमू नका.”

त्या दगडावर बसल्या. पिशवी उलटी केली आणि लाल पट्ट्या एकीला एक बांधायला लागल्या. बोटे गारठलेली, तरी प्रत्येक गाठ ओढून बघत होत्या. शेवटच्या पट्टीला त्यांनी आपली पाण्याची रिकामी बाटली बांधली. मग काठाने थोड्या वर, नदीच्या वळणावर गेल्या. तिथून वाहणारे प्रत्येक पान आमच्या काठाला लागते, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. त्यांनी बाटली सोडली. ती नाचत, बुडत, फिरत आली. पाववाला छातीभर पाण्यात शिरला.

“अरे, सांभाळ!” सुतार ओरडला. “तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवू?”

“आधी काकूंना इकडे आणा, मग तोंडाचं बघू!”

बाटली त्याच्या हाती लागली. त्यांनी माझे टोक त्या लाल माळेला बांधले आणि काकूंनी मला ओढायला सुरुवात केली. हळूहळू मी पाणी कापत पलीकडे गेलो. लहान, खरखरीत हात माझ्यावर पडला. आता तो उबदार नव्हता. त्यांनी मला झाडाला दोन वेढे देऊन पक्के बांधले, पिशवी खांद्याला लावली आणि पाण्यात उतरल्या. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. एकदा पाय निसटलाही. मी ताणलो, कण्हलो, पण सुटलो नाही.

काठावर येताच सुताराने त्यांचे दोन्ही हात धरले. काकू म्हणाल्या, “मागे कोणी नाही बरं का. आता सोडा.”

पण मला कोण सोडणार? पलीकडची गाठ पलीकडेच होती. पूर ओसरेपर्यंत मी नदीवर एकटा ताणून राहिलो आणि वाहत आलेला एक ओंडका माझ्या मध्यावर घासत राहिला. पाणी उतरल्यावर मला आणले. बाईंनी बोटांनी माझे पेड उकलून पाहिले. “आता याच्यावर कोणाचा जीव सोपवायचा नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचे बरोबरच होते. तरी मला वाईट वाटले.

नव्या नायलॉनच्या दोराचे कौतुक सुरू झाले आणि मी सुताराच्या कारखान्यात माळ्यावर गेलो. ओलाच. घाईत कोणाला सावलीत वाळवायचे सुचले नाही. हे काळे डाग तेव्हाचे. वर्षामागून वर्षे गेली. एका मांजरीने माझ्या वेटोळ्यात पिल्ले घातली, तेवढीच काय ती सोबत. खालून कधीकधी पाववाल्याचा आवाज येई, “या, टोपी बघून गाठ सोडणारे दाजी!” एरवी तोंडास तोंड देणारा सुतार त्यावर नुसता रंधा मारीत राही. पुढे पाववाल्यानेही ते बोलणे सोडले.

मग एक दिवस कळले की काकू जिन्यावरून पडल्या. सुतार त्याच संध्याकाळी माळ्यावर चढला. माझा घासलेला भाग कापून टाकला, मला धुतले आणि सावलीत वाळवले.

“सुतार असून दोर लावताय?” काकूंच्या सूनबाईंनी विचारले. “लाकडाचा कठडा करा की छानसा.”

“लाकडावर हात घसरतो,” सुतार कड्या ठोकत म्हणाला. “हा धरतो.”

पिवळी टोपी आता चष्मेवालीकडे आहे. हल्ली सर्वांच्या मागे तीच असते. नदीवरचा नियमही बदलला आहे. टोपी पाहून कोणी गाठ सोडत नाही. तिने अलीकडे येऊन “मागे कोणी नाही” असे स्वतःच्या तोंडाने सांगायचे, मगच. धाव संपली की ती चिखलाच्या बुटांनिशी इथे येते, खालच्या पायरीवर बसते आणि कोण रडले, कोण पडले, ते काकूंना सांगते.

मित्रांनो, तुमच्या घरातला दोर ओला ठेवू नका, त्याच्यावर पाय देऊ नका, हे तर सांगतोच. पण आणखी एक सांगतो. कोणासाठी धरलेले काही सोडायची वेळ आली, तर आधी त्या माणसाचा चेहरा पाहा.

आता संध्याकाळ झाली. काकू जिना चढत आहेत. एक पायरी, मग थोडा दम. हात तसाच आहे, लहान, खरखरीत. पुन्हा उबदार झाला आहे. वरच्या पायरीवर पोचल्या की त्या थांबतात, वळून खाली पाहतात आणि म्हणतात, “मागे कोणी नाही बरं का.”

“आई, कोणाशी बोलता?” आतून सूनबाई विचारतात.

“आहे एक जुन्या ओळखीचा,” काकू म्हणतात, आणि मग मला सोडतात.