खटला चालू असताना मी मिटत नसे

मित्रांनो, मी कोर्टाचा जुना दरवाजा आहे. सध्या अडगळीच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे आणि आतल्या आत धुमसतो आहे. का, ते ऐका.

देश नवा होता तेव्हा एका सुताराने मला सागवानातून घडवलं. कायद्यात एक ओळ होती: न्याय सगळ्यांच्या देखत व्हावा. त्यावरून इथे एक रीत पडली. शिपाई मला भिंतीतल्या आकड्याला अडकवी आणि "दार उघडं आहे!" अशी आरोळी देई. मगच न्यायाधीश बसत. वाऱ्याने मी मिटलो, तर चालू साक्ष थांबे. काय माझा रुबाब होता!

एक तरुण वकील तर माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "आपला देश बघायचाय? हा दरवाजा बघा!" मी खुळा, हुरळून जायचो. पुढे तोच कायदामंत्री झाला.

"पूर्वी एकाच बड्या देशाच्या तालावर नाचावं लागायचं," तो शिपायाला म्हणाला. "आता बडे देश पाच-सहा आहेत. ज्याचं सोयीचं, त्याचं उचलायचं!" एका देशाकडून त्याने बंद खोलीतल्या सुनावणीची पद्धत आणली. त्या देशात बंद खोलीतही आरोपीचा वकील हजर असतो. याने खोली तेवढी आणली, वकील तिकडेच ठेवला! मला बिजागऱ्यांसकट उपटलं आणि माझ्या जागी कुलपाचा पोलादी दरवाजा बसवला.

पहिला खटला झाला एका शिक्षिकेवर. तिचा गुन्हा काय, तर ती वर्गात मुलांना कायद्यातली तीच ओळ शिकवत होती. तिची आई बाहेर, माझ्या अडगळीच्या खोलीसमोरच्या बाकावर बसून होती. तिला आतलं अक्षरही ऐकू आलं नाही, कळली ती फक्त शिक्षा. "माझी लेक काय म्हणाली हो?" ती शिपायाला विचारत राहिली. मेल्या मंत्र्या, तेव्हाच मी ठरवलं, तुला सोडणार नाही!

मग सरकार बदललं. शिक्षिका सुटली आणि मंत्रीसाहेबांना पकडून आणलं. "दार उघडं ठेवा! माझ्या बायकोला ऐकू तरी येऊ द्या!" तो ओरडत होता.

"साहेब, कुलूप तुम्हीच आणलंत," शिपाई म्हणाला. अहाहा! माझ्या फळ्या गार झाल्या.

आज ती शिक्षिका शिपायाला घेऊन माझ्याकडे आली. माझ्यावरची धूळ पुसून म्हणाली, "मामा, हा परत बसवायचा. न्यायाधीशांची परवानगी आणलीय."

"त्या माणसासाठी? बाई, भोगू दे की त्याला!"

"भोगू दे ना. पण माझ्या आईच्या देखत. बाकावरून तिला त्याचा शब्दन् शब्द ऐकू यायला हवा."

मित्रांनो, इतका गोड सूड मला सुचलाच नव्हता! माझ्या बिजागऱ्या गंजल्या आहेत. तेल आणा, चार जण हात लावा, मला जागेवर बसवा. आणि उद्या तुमचाच कुणी लाडका नेता मला मिटवायला आला, तर मध्ये पडू नका. त्याची बोटं खुशाल चेमटू द्या.