वोबे गाडीखाली काय करत होता

वोबेने केक आणला तेव्हाच रिन्स्केच्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्या फ्रीसलंड प्रांतात ज्याचं चांगलं होतं त्यानंच इतरांचं तोंड गोड करायचं असतं, आणि चांगलं तर तिचं झालं होतं. वाहनतपासणीचा परवाना मिळून आज ती स्वतःच्या नावावर पहिली गाडी पास करणार होती. गडबडीत केक आणायचा राहिला, आणि ज्याच्या पोटात दुखायला हवं तोच संत्र्याच्या सालीचा केक घेऊन हजर. वर म्हणतो कसा, तू विसरशील असं वाटलंच होतं.

वोबे तोंड गोड करणाऱ्यांतला नव्हे. सीत्सेच्या गॅरेजात तपासणीचं काम इतकी वर्षं तोच करायचा. पण परवाना टिकवायचा तर मधूनमधून उजळणीची परीक्षा द्यावी लागते. ती त्यानं पुस्तक न उघडता दिली, ही कालची पोरं मला काय शिकवणार म्हणत, आणि सपशेल आपटला. रिन्स्के मात्र फरशी पुसायला लागलेली पोर. तेल बदलता बदलता ब्रेक शिकली, तेही वोबेच्याच हाताखाली, मग संध्याकाळचे वर्ग करून परवान्यापर्यंत पोचली. मालक सीत्सेनं वोबेला टायरच्या कोपऱ्यात धाडलं आणि गाडी उचलायची लिफ्ट तिच्या ताब्यात दिली. तिलाही त्यानं बजावलं होतं, सुरुवातीलाच नाव खराब झालं तर तपासणीच बंद करीन, मग तूही टायरच फिरवत बस.

पहिली गाडी निघाली गावातल्या एका निवृत्त पोस्टमनची, म्हातारी पण निगुतीनं वापरलेली. रिन्स्केनं ती नखशिखान्त तपासली, ऑफिसात जाऊन संगणकावर 'पास' नोंदवलं आणि मान वर केली. काचेतून दिसलं, वोबे गाडीखालून बाहेर येत होता. पुढच्या डाव्या चाकामागून त्यानं हात काढला, फडक्याला पुसला आणि काही घडलंच नाही असा चालू लागला.

तेवढ्यात पडद्यावर लाल पट्टी आली. संगणकानं चिठ्ठी उचलावी तशी ही गाडी फेरतपासणीसाठी निवडली होती. अशा निवडलेल्या गाडीला सरकारी तपासनीस येईपर्यंत कुणी बोट लावायचं नसतं. तपासनीस पुन्हा सगळं पाहतो, आणि मोठा दोष सुटलेला निघाला तर तो पास करणाऱ्याच्या नावावर चढतो.

रिन्स्केला चाकामागून निघालेला वोबेचा हात आठवला. त्या चाकामागे सांधा आवळणारी एक चाकी, म्हणजे नट, असते. ती जरा सैल केली तरी चाक हलतं, आणि हे तिला वोबेनंच शिकवलं होतं. तिनं जाऊन विचारलं, गाडीखाली काय करत होता. वोबे म्हणाला, काही नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण याच्या चेहऱ्यावर काडीचा उजेड दिसत नव्हता.

ती सीत्सेकडे गेली. सीत्सेनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की पाना हातात घेऊन गाडीजवळ दिसलीस तर सैल चाकीपेक्षा ते महागात पडेल. मग ती नुसतीच गाडीशेजारी उभी राहिली, खजिन्यावर नागीण बसावी तशी. पाना चार हातांवर टांगलेला होता. एक पिळा दिला की जीव भांड्यात पडला असता. वोबेनं कॉफी आणून ठेवली, ती तिनं ओठालाही लावली नाही. आता केकही मुद्दामच आणला होता असं तिला वाटायला लागलं, आणि इतकी वर्षं शिकवलं तेही.

तपासनीस बाई आल्या, हातमोजे चढवले आणि सवयीनंच विचारलं, तपासणीनंतर गाडीला कुणी हात लावला का?

नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर पुरावा कुठे होता? "वोबे खाली शिरले होते," रिन्स्के म्हणाली. "काय केलं ते मला ठाऊक नाही."

सगळ्यांनी वोबेकडे पाहिलं. काय वाटेल ते सांगता आलं असतं त्याला, हातातलं काही खाली पडलं म्हणाला असता तरी भागलं असतं.

"हिची चूक शोधत होतो," वोबे म्हणाला.

"सापडली असती तर?" बाईंनी विचारलं.

"गप्प बसलो असतो. तुम्ही येता की नाही याची वाट बघत."

"मग सापडली?"

"तुम्हीच बघा."

बाई खाली गेल्या. दिवा, पहार, चाकाला धक्के. डाव्या पुढच्या चाकापाशी त्या बराच वेळ रेंगाळल्या आणि रिन्स्केनं मनातल्या मनात परवान्यावर पाणी सोडलं. मग बाई बाहेर आल्या, दोष नाही अशी नोंद केली आणि निघून गेल्या.

सीत्सेचा पारा चढला. वोबेला म्हणाला, कोट घे आणि चालू लाग, उद्या तोंड दाखवू नकोस. वोबेनं खरोखरच खुंटीवरचा कोट काढला.

"त्यांना ठेवा," रिन्स्के म्हणाली.

"अजून विश्वास आहे तुझा याच्यावर?"

"तिळाइतकाही नाही. पण माझी चूक शोधायला यांच्याएवढं जीव तोडून दुसरं कोण गाडीखाली शिरेल?" तिचा राग ओसरला नव्हता. "फक्त मी नोंदवायच्या आधी शिरायचं, आणि दिसेल ते तोंडानं सांगायचं."

सीत्से पुटपुटत ऑफिसात गेला. वोबे कोट हातात धरून तसाच उभा होता.

"खाली शिरून दोनदा शोधलं, पोरी," तो म्हणाला. "काही म्हणजे काही नव्हतं."