तौनोच्या शर्टांची सतरंजी

आमच्या हेलसिंकीत शेजारी मेला की लोक जिन्यात हळू चालतात. जिवंत असला तर त्याला काही विचारत नाहीत. मला हेच बरं वाटतं. पण दर जुलैत योएन्सूहून माझ्या वन्सं येतात, इर्मेली, आणि आठ दिवसांत माझी पुरती लाज काढतात.

ट्राममध्ये बाजूच्या माणसाला विचारतात, "कुठे निघालात?" तो बिचारा दोन थांबे आधीच उतरतो. मागच्या वर्षी लिफ्टमध्ये त्यांनी एका बाईला स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. ती बाई अजून जिन्यानं जाते.

यंदा त्या आल्या आल्याच मी दम भरला. "वन्सं, परक्या माणसाशी एक शब्द जरी बोललात तर पुढच्या उन्हाळ्यात बोलावणार नाही."

"अगं वहिनी, मग देवानं तोंड दिलंय कशाला?"

"कॉफी प्यायला."

हिरमुसल्या, पण कबूल झाल्या.

दुसऱ्या दिवशी सतरंजी धुवायला काढली. माझा नवरा तौनो गेला तेव्हा वन्संनी आपल्या भावाचे सगळे शर्ट फाडून मागावर ती विणली. निळी पट्टी लग्नातल्या शर्टाची, तपकिरी पट्टे रोजच्या कामाच्या शर्टांचे. विणताना फोनवर तासतासभर रडायच्या. मी इकडून नुसती 'हं' म्हणायची. तौनोचं म्हणून घरात आता तेवढंच उरलं होतं.

समुद्राकाठी सतरंज्या धुवायचा सार्वजनिक धक्का आहे, तिथे आम्ही ती साबण लावून खसाखसा घासली, कठड्यावर वाळत टाकली आणि कोपऱ्यावर कॉफी प्यायला गेलो. राखण कशाला? इथे दुसऱ्याच्या सतरंजीला कुणी हात लावत नाही.

परत येऊन बघते तर बोटीतून उतरलेला एक टोपीवाला प्रवासी आमची सतरंजी हातात घेऊन उभा! मोठमोठ्यानं इंग्रजीत विचारत होता, "ही कुणी टाकून दिलीय का? मी घेऊ का?"

धक्क्यावर पाच बायका आपापल्या सतरंज्या घासत होत्या. पाचीजणींच्या माना खाली. त्यानं पुन्हा विचारलं. एकीनं तर इतका जोर लावला की स्वतःच्या सतरंजीचा रंग काढला. मेल्यांनो, मला वाळत घालताना बघितलंत ना डोळ्यांनी!

वन्संनी माझं कोपर धरलं. "वहिनी, बोलू का?"

"शू! सगळे बघतायत."

मीच बोलणार होते. बोलायचं काय, तर 'माझी', एवढंच. गेले पुढे. तो माझ्याकडे बघून हसला. पाचही बायकांनी घासायचं थांबवलं. आणि माझ्या तोंडून इंग्रजीत निघालं, "आज ऊन छान पडलंय."

"फारच छान! थँक यू हं!"

त्याला वाटलं, मी होच म्हटलं. त्यानं सतरंजी गुंडाळून काखेत मारली आणि समोर उभ्या असलेल्या बसकडे निघाला.

"वहिनी, बोलू का गं?" वन्सं माझी बाही ओढत होत्या. मी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, देव जाणे. बसचं दार लागलं. बस बंदराकडे गेली.

मग बायकांच्या माना वर आल्या. एकजण हातातल्या ब्रशला सांगावं तशी पुटपुटली, "आम्हाला वाटलं, तुमच्या ओळखीचे असतील." वाटलं म्हणे! पण मी तरी कुठल्या तोंडानं भांडणार होते?

बाकावर बसलो. बोटीचा भोंगा झाला. मला रडू फुटलं. आवाज न करता रडले, आमच्या पद्धतीनं.

"वन्सं, आता बोला. शिव्या द्या मला. काय वाटेल ते बोला."

त्यांनी रिकाम्या कठड्याकडे पाहिलं. खाली पडलेले चिमटे एकेक करून उचलले, पिशवीत टाकले. शनिवारी मी त्यांना योएन्सूच्या गाडीत बसवून दिलं. तोवर माझ्याशी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.