बटणं डाव्या बाजूला

आमच्या दुकानात खुनी सोमवारी सकाळी ठरतो. रविवारी संध्याकाळी मालिकेचा नवा भाग येतो, तो सगळे आपापल्या घरी बघतात, आणि सोमवारी कामाला हात लावण्याआधी चहाचे कप घेऊन कटिंगच्या टेबलाभोवती उभे राहतात. मालिकेचं नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं 'बंगला' म्हणतो. बंगल्याचा मालक पहिल्याच भागात मेला. त्याला कोणी मारलं यावर आमचं अजून एकमत नाही, आणि ते व्हावं असं कोणाला वाटतही नाही.

दुकान शिवणकामाचं, मुख्यतः कोट आणि सूट. मशीनवर माझा नवरा, इस्त्रीला मावशी, कटिंगला मी. शेजारचा केमिस्ट आमच्याकडे कामाला नाही, पण सोमवारी आमच्याआधी हजर असतो. बंगल्याचा नकाशा आम्ही शिवणाच्या खडूने टेबलावरच काढतो. वाद संपला की जिना, माळी, विधवा, सगळं ब्रशने झटकायचं आणि कापड अंथरायचं.

केमिस्टच्या मते विषच दिलं असणार. मावशींचा संशय नोकरावर, कारण दिवसभर राबूनही ज्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही, तो राबत नाही, दुसरंच काहीतरी करतो. नवऱ्याने पहिल्या भागापासून मेहुण्याला धरलंय. त्याला स्वतःला एकच मेहुणा आहे, तो म्हणजे माझा भाऊ, त्यामुळे चहा संपेपर्यंत मी गप्प बसते आणि नंतर बसत नाही.

या सगळ्यात एकच माणूस नव्हता आणि मला तोच हवा होता. माझे सासरे. मी त्यांना बाबा म्हणते, बाकी सगळे मास्तर. दुकान त्यांनी उभं केलं, मला कात्री धरायला त्यांनी शिकवलं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हातून एका नवरदेवाच्या कोटाची एक बाही आखूड कापली गेली. तो पोरगा हसून म्हणाला, एक हात खिशात ठेवतो, काय बिघडलं? पण बाबांनी कात्री खाली ठेवली, "माझी नजर गेली," म्हणाले आणि वरच्या मजल्यावर खिडकीशी जाऊन बसले, ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. ते बाबांना पटलं नाही. नवऱ्याने समजावलं, मी भांडले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मालिका मात्र आमच्याबरोबर बघायचे, एक अक्षर न बोलता.

त्या रविवारी भागाच्या शेवटी करड्या लांब कोटातलं कोणीतरी टोपी डोळ्यांवर ओढून जिन्यापाशी आलं, क्षणभर आपल्याकडे वळलं, आणि भाग संपला. सोमवारी मी चहा द्यायला वर गेले, तर बाबा आपणहून बोलले.

"सूनबाई, तो बाप्या नाही. ती बाई आहे."

"कोण बाई?"

"कोटवाली. बटणं बघ. घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला आहेत. पुरुषाच्या कोटाला बटणं उजवीकडे, काजं डावीकडे. हे काय तुला सांगायला हवं?"

मी रिमोटने कालचा भाग पुन्हा लावला, त्या प्रसंगाशी चित्र थांबवलं आणि टीव्हीला नाक लावून बघितलं. खरंच बटणं डावीकडे होती. मी स्वतः शिंपीण, आणि मला दिसलं नव्हतं. चहा तसाच ठेवून मी धावत खाली आले आणि बातमी फोडली.

नवरा मशीन सोडून उठला. मावशी म्हणाल्या, "मग ती विधवाच, दुसरी कोण?" केमिस्ट मात्र हसला. म्हणाला, "अहो, शिंप्याची चूक असेल. घाईत लावली असतील उलटी."

आमचा जिना लाकडी आहे, वरचं सगळं खाली ऐकू येतं आणि खालचं वर. थोड्या वेळाने पायऱ्यांवर चपला वाजल्या. बाबा कठड्याला धरून खाली उतरत होते, इतक्या महिन्यांनी. मी कप विसळायला घेतले. बोलले असते तर ते परत फिरले असते.

"असा कोट शिवणारा माणूस काजं चुकीच्या बाजूला पाडेल?" ते केमिस्टला म्हणाले. "तुम्ही कधी खोकल्याच्या बाटलीत डोळ्यांचं औषध भरता का?"

मग त्यांनी खडू घेतला. खडू टेबलावर टेकला की रेघ सरळ जायची. पुरुषाचा खांदा असा, बाईचा असा, हे तुम्हाला तोंडाने सांगून कळायचं नाही, शिवूनच दाखवतो, म्हणाले. कपाटात तळाशी करडं लोकरी कापड पडून होतं, ते मागवलं. मी मापाची फीत द्यायला गेले तर घेतली नाही.

"कोणाच्या मापाचा कापताय?" मी विचारलं.

"त्या खुनी बाईच्या."

तो आठवडा मजेत गेला. रोज सकाळी बाबा खाली, अंगात जुनं जाकीट, कानावर खडू. पुढचे भाग कापून झाले, मागचा झाला, अस्तर झालं. बाह्या त्यांनी एकट्याने कापल्या, आमच्याकडे पाठ करून. इकडे केमिस्टने पक्ष बदलला आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला औषधाबरोबर 'खुनी बाई आहे' हेही फुकट द्यायला सुरुवात केली. शनिवारपर्यंत अख्ख्या गल्लीत मास्तरांचा सिद्धांत चालला होता. मी हसत होते, पण रविवार यायला नको वाटत होता. सिद्धांत खोटा ठरला तर हा माणूस पुन्हा वर जाऊन बसेल, आणि या वेळी उठायचा नाही.

रविवारी आम्ही तिघं टीव्हीपुढे बसलो. जिन्याचा प्रसंग पुन्हा दाखवला, पुढे चालू ठेवून. कोटवाल्याने टोपी काढली. बंगल्याचा वकील. चांगला मिशीवाला. आणि आता बटणं उजवीकडे होती. जिनाही मागच्या भागात उजव्या हाताला होता, तो आता डाव्या हाताला. मागच्या खेपेला त्यांनी चित्रच उलटं करून लावलं होतं, आरशात दिसावं तसं. कशासाठी, ते त्यांचं त्यांना ठाऊक. नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी जमिनीकडे. त्याचा मेहुणा सुटला होता, याचंही त्याला दुःख करता येईना.

"बरं," बाबा म्हणाले आणि झोपायला गेले.

सोमवारी मी लवकर दुकान उघडलं. कोट हँगरला तसाच, बिनबाह्यांचा. बाह्या शेजारी घडी घालून ठेवलेल्या. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्या मालिकावाल्यांचा. तेवढ्यात केमिस्ट आला. चेहऱ्यावरून दिसत होतं, विनोद रात्रीच तयार करून ठेवलाय.

"एक शब्द काढलात," मी म्हटलं, "तर पुढच्या सोमवारपासून चहा तुमच्याच दुकानात प्या."

त्याने विनोद गिळला. नवऱ्याने सवयीने खडूने टेबलावर बंगला काढून ठेवला आणि मशीनवर जाऊन बसला. मावशींनी इस्त्री तापायला लावली आणि उगाचच इस्त्रीच्या टेबलावरची चादर पुन्हा पुन्हा सरळ करत राहिल्या. जिन्यावर काही वाजेना. मी चहा ओतला, बाबांचा कपही भरला, वर न्यावा की नाही ते ठरेना.

मग चपला वाजल्या.

बाबा खाली आले, जाकीट चढवलेलं. सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि केमिस्टसमोर उभे राहिले.

"चित्र उलटं होतं," ते म्हणाले. "म्हणजे बटणं डावीकडे दिसली, ती मला बरोबरच दिसली. चुकले ते लोक. माझी नजर नाही चुकली."

"अजिबात नाही, मास्तर," केमिस्ट म्हणाला. विनोद करणाऱ्या माणसाच्या मानाने फार चांगलं म्हणाला.

"सूनबाई, इकडे ये. सरळ उभी राहा."

त्यांनी कोट माझ्या अंगावर चढवला आणि एकेक बाही टाचण्यांनी जोडायला लागले. कोट मला बसला. माझा उजवा खांदा कापड कापून कापून जरासा उतरलाय, रेडिमेड काहीही तिथे चुरगळतं. हा चुरगळला नाही.

"माझं माप कधी घेतलंत?"

"वर खिडकीशी बसून दुसरं काय करत होतो? तुझं येणं-जाणं बघत होतो. खांदा सोडून चालतेस, किती वेळा सांगितलंय."

"म्हणजे खुनी बाई मीच?" मी म्हटलं.

"हात पुढे धर. दोन्ही."

मी धरले. मशीन थांबलं, इस्त्री थांबली. बाबांनी डावं मनगट बघितलं, उजवं बघितलं, पुन्हा डावं बघितलं. दोन्ही बाह्या मनगटाच्या हाडाशी एकाच जागी येऊन थांबल्या होत्या. त्यांनी माझा हात जरा वेळ तसाच धरून ठेवला.

"तो नवरदेव," ते नवऱ्याला म्हणाले. "त्याला फोन लाव. म्हणावं, कोट घेऊन ये."

"बाबा, त्याचं लग्न होऊन किती दिवस झाले."

"मग? कोट काय एकदाच घालतात?" बाबा म्हणाले, आणि टेबलावरचा बंगला झटकायला त्यांनी ब्रश उचलला.