घरच्या माणसाला दिलेली गाडी

जुन्या मोठ्या गाड्यांच्या बाजारात त्याला सगळे दादाच म्हणत. गिऱ्हाइकं म्हणत, शेजारचे दुकानदार म्हणत, आणि जिचा तो खरोखरच दादा होता ती धाकटी बहीणही म्हणे. बहीण जमीन मोजण्याचं काम करायची. डोंगरपठारांवर यंत्रं घेऊन हिंडण्यात तिची वीस वर्षं एका खिळखिळ्या जीपमध्ये गेली होती. पन्नाशी आली तशी ती एक दिवस दादाच्या दुकानात येऊन म्हणाली, "आता एकदा राणीसारखं बसायचंय. खड्ड्यांतून जाईल आणि पाठही मोडणार नाही, अशी काढ एखादी."

दादाने काढली. काळी, उंच, चामड्याच्या आसनांची, डिझेल इंजिनाची. दारं लावली की बाहेरचा आवाज तुटायचा. बहीण चालवून आली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की दादालाच भरून आलं. "घरच्या माणसाला देतोय, निवडून दिली आहे," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. होत्या त्यातली सगळ्यात चांगली त्याने तिला दिली होती.

सात-आठ महिने गाडी कुरकुरली नाही. मग एका दुपारी बहीण आईला डोळ्यांच्या तपासणीहून परत आणत होती. मोठा रस्ता, उतार, पुढे एक रेंगाळणारा ट्रक. ती त्याला मागे टाकायला बाजूच्या रांगेत गेली आणि बॉनेटखालून 'ठक्' असा एकच आवाज आला. फार मोठाही नाही. इंजिन बंद. समोरचे सगळे दिवे एकदम पेटले, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मागून येणाऱ्या बसने हॉर्न धरून ठेवला. ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा अर्धवट लागला, तिसऱ्यांदा पाय नुसता घट्ट पेडलवर आपटला. दोन्ही हातांनी चाक ओढत, पायाखालच्या पेडलवर जवळजवळ उभं राहत तिने गाडी कडेच्या कठड्याला घासून थांबवली. बस आरशाला चाटून गेली.

पट्ट्याच्या हिसक्याने आईचं खांद्याजवळचं हाड मोडलं. तेवढ्यावर निभावलं, असं सगळे म्हणाले.

दादा धावत गेला. इस्पितळ, औषधं, गाडी उचलून नेणं, सगळं त्याने केलं. आई येईल त्या शेजाऱ्याला सांगायची, "मुलगा असावा तर असा. चपला न घालता आला होता." दादा तिथून उठून गॅलरीत जायचा.

मिस्त्रीने इंजिन उतरवलं तेव्हा बहीणही गॅरेजमध्ये आली. टेबलावर क्रँकशाफ्ट ठेवला होता. मनगटाहून जाड पोलादी दांडा, पण दोन तुकड्यांत. मोडलेल्या जागी कडा करड्या, दाणेदार दिसत होत्या.

"पिस्टन वर-खाली नाचतात, त्यांचं नाचणं हा दांडा फिरण्यात बदलतो," मिस्त्री म्हणाला. "याचं एक बेअरिंग जागेवरून सरकलं. तेलाचं भोक झाकलं गेलं. शाफ्ट कोरडा फिरला, तापला, आणि गेला."

"मग आधी काहीतरी कळायला हवं होतं ना? आवाज, दिवा, काहीही?"

"कधी कळतं. पुष्कळदा नाही कळत, ताई. या इंजिनाचं हे जुनं दुखणं आहे. सगळ्यांची जात नाहीत, पण ज्याचं जातं त्याचं असंच जातं. बाजारात कुणालाही विचारा."

मिस्त्री सहज बोलून गेला आणि हात धुवायला वळला. बहिणीने दादाकडे पाहिलं.

"कुणालाही म्हणजे तुलाही?"

"ऐकून होतो," दादा म्हणाला. "अगं, प्रत्येक गाडीचं काही ना काही ऐकायला येतंच. तसं बघत बसलं तर दुकानच नको टाकायला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस का?"

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. मिस्त्रीने नळ जरा जास्तच मोठा सोडला. बहीण पर्स उचलून निघाली.

दादाने नवं इंजिन बसवून देतो असा निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवला. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "इंजिन घाल चुलीत. अशी दुसरी कुणाला दिली आहेस?"

एक दिली होती. गुरांच्या डॉक्टरला.

डॉक्टर दवाखान्याच्या अंगणात एका शेळीचा खूर धरून बसला होता. दादाने सगळं सांगितलं, बहिणीच्या अपघातासकट, आणि गाडी परत घ्यायची तयारी दाखवली. डॉक्टर हसायला लागला. "विकताना हिरा होता, आता कोळसा झाला? खरं सांगा शेठ, कुणीतरी चढा भाव देतोय ना?"

"आईशप्पथ नाही."

"आईला कशाला मध्ये घेता!"

दादाचं तोंड कडू झालं. आयुष्यभर गोड बोलून विकलं, आणि आज खरं बोलायला गेला तर खपेना. शेवटी बहिणीलाच घेऊन तो पुन्हा गेला. डॉक्टरला तिने सगळं शांतपणे सांगितलं: तो आवाज, जड झालेलं चाक, मागची बस. डॉक्टरने शेळ्या-कुत्र्यांची रांग कंपाउंडरवर सोडली आणि गाडी मिस्त्रीकडे आणली.

मिस्त्रीने तेल काढलं, उजेडात धरलं, बोटांवर चोळलं, गाळणी कापून पाहिली. कुठे झिजलेल्या बेअरिंगच्या धातूची चमक नाही.

"स्वच्छ आहे. म्हणजे आज तरी ठीक. उद्याचं मी कसं सांगू?"

"हे वाक्य माझं आहे," डॉक्टर म्हणाला. "रोज जनावरांच्या मालकांना ऐकवतो." पण या वेळी तो हसला नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, टपावरून हात फिरवला. "ठेवतो मी ही. मला आवडते. पण माझ्या मुली आता हिच्यात बसणार नाहीत."

"डॉक्टर, ऐका माझं," दादा पुढे झाला.

"ऐकलं की. ऐकूनच ठरवलंय." डॉक्टर गाडीत बसला आणि वळणावरून दिसेनासा झाला.

दादा रस्त्याकडे बघत राहिला. "चिमे, आणखी काय करू मी?"

"आता काय करणार? त्याला माहीत आहे, तो बसलाय." ती थांबली. "आईला माहीत नाही. रोज तुझं कौतुक चाललंय. मी तोंड दाबून ऐकते. मी सांगणार नाही, दादा. तू सांग."

त्याच संध्याकाळी तो गेला. आई खिडकीपाशी हात झोळीत घालून बसली होती. "ये रे. माझं हाड आणि तुझ्या गाडीचं हाड, दोन्ही एकदम मोडली बघ," ती म्हणाली. हा विनोद तिला फार आवडला होता.

दादा तिच्या समोर स्टुलावर बसला आणि सांगितलं. बाजारात बोललं जायचं, मला ठाऊक होतं, मी बोललो नाही. एवढंच. 'पण'ने सुरू होणारी वाक्यं ओठांवर येत होती. ती त्याने गिळली.

आईने विचारलं, "तिने तुला स्वतःहून विचारलं असतं, की दादा, हिच्यात काही खोट आहे का, तर खरं सांगितलं असतंस?"

हो म्हणायला त्याने तोंड उघडलं. मग मिटलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"बरं," आई म्हणाली. "मला उठव आता. पाठ अवघडली."

तिने धड हात पुढे केला. त्याने तिला सांभाळून उभं केलं, तोल सावरेपर्यंत धरून ठेवलं. तिने हात सोडवून घेतला आणि भिंतीला धरत एकटीच आत गेली. दादा हॉलमध्ये उभा राहिला. आतून ती काही बोलेल म्हणून वाट पाहिली, मग दार ओढून घेऊन जिना उतरला.